धायरीचा २ बीएचके विकून बावधनला १.२० कोटींचा ३ बीएचके घ्यावा का? बँक ९० लाख द्यायला तयार आहे

दोनाचे_तीन

नमस्कार मंडळी. धायरीत ६२० चौ. फूट कार्पेटचा २ बीएचके आहे, २०१४ मध्ये ३६ लाखांना घेतलेला. मुलगा सहावीत आहे, सासूबाई आता कायमच्या आमच्याकडे आल्या आहेत, म्हणून तिसरी खोली हवी. बावधनला ९०० कार्पेटचा ३ बीएचके पाहिला. करारनाम्याची किंमत १.२० कोटी, निम्मे स्लॅब झालेत, ताबा दोन वर्षांनी.

आमचे आकडे:

हातात येणारा पगार: ह्यांचा १,००,००० आणि माझा ६५,०००
घराचा हप्ता २२,४००, कर्ज बाकी १४ लाख
कारचा हप्ता ११,२००, अजून १४ राहिलेत
एसआयपी १५,०००, शिवाय वर्षाला १.२० लाख एफडीत जातात
घरखर्च ६०-६५ हजार
एफडी १२ लाख, म्युच्युअल फंड ९ लाख. पीएफ-पीपीएफला हात लावायचा नाही.
वय ४० आणि ३८.

एजंट म्हणतो जुन्या घराचे ५८ लाख येतील. बँक ९० लाख देते आहे, ८ टक्के, २० वर्षं, हप्ता ७५,३०० च्या आसपास. १,६५,००० तून हप्ता गेला तरी ९० हजार उरतात आणि खर्च ६५ चा आहे. म्हणजे बसतंय ना? की काही सुटतंय?

---

हिशेबवही

ताई, आधी किंमत दुरुस्त करून घ्या. १.२० कोटी हा फक्त करारनाम्याचा आकडा आहे. राहायला जाईपर्यंत हे सगळं लागतं (लाखांत):

करारनामा: १२०.००
स्टॅम्प ड्युटी, पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के: ८.४०
नोंदणी फी, कमाल मर्यादा ३० हजार: ०.३०
जीएसटी ५ टक्के, काम चालू असल्यामुळे: ६.००
वकील, सर्च रिपोर्ट, बँकेची प्रोसेसिंग फी, गहाणाच्या नोंदीचा खर्च: ०.७५
दोन वर्षांचा आगाऊ मेन्टेनन्स, चौ. फुटाला महिना ४.५० रुपये धरून, १८ टक्के जीएसटीसह: १.१५
सोसायटी स्थापना, वीज मीटर, पाणी जोडणी: ०.७५
किचन, कपाटं, ग्रिल, पंखे, गिझर, पडदे: ९.००

बेरीज १४६.३५ लाख. शेवटच्या ओळीवर तुम्ही म्हणाल की कपाटं नंतर करू. करा, पण किचन आणि ग्रिलशिवाय कोणी राहायला जात नाही, आणि एकदा सुतार घरात आला की यादी वाढतेच. बिल्डर 'ऑल इन्क्लुझिव्ह' म्हणतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा पहिल्या चारच ओळी असतात. कॉस्ट शीट लेखी मागा आणि प्रत्येक ओळीपुढे 'कधी भरायचे' हा रकाना स्वतः आखा.

आता तुमची बाजू. एजंटचे ५८ हे जाहिरातीतले आहेत. घासाघीस होऊन ५५ धरा. त्यातून कर्जाचे १४ गेले, दलाली १ टक्का, सोसायटीची ट्रान्सफर फी (प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार) आणि किरकोळ डागडुजी मिळून एक लाख गेला. हातात ४०. एफडी आणि फंडाचे २१ आहेत, त्यातले ९ आणीबाणीसाठी बाजूला. उरले १२. म्हणजे स्वतःचे ५२ लाख.

१४६ वजा ५२ म्हणजे ९४ लाख कर्ज लागेल. बँक ९० च्या वर जाऊच शकत नाही, कारण ७५ लाखांपेक्षा मोठ्या गृहकर्जात किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देण्याची रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी व नोंदणी धरत नाहीत. चार लाखांची तूट तर कागदावरच दिसते. हे चार लाख मग पर्सनल लोनने किंवा क्रेडिट कार्डाच्या ईएमआयने येतात. ते करू नका.

---

पासबुक_बघा

वरचा हिशेब बरोबर आहे, पण माझी शंका '६०-६५ हजार घरखर्च' या ओळीवर आहे. हा आकडा लोक नेहमी आठवणीतून सांगतात, आणि आठवणीत फक्त किराणा, दूध, वीज, पेट्रोल, कामवाली एवढंच असतं.

खर्च मोजू नका, उरलेलं मोजा. तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो.

वर्षाचा पगार: १,६५,००० × १२ = १९.८० लाख
एसआयपी आणि एफडीत गेले: १.८० + १.२० = ३.०० लाख
घराचे हप्ते: २.६९ लाख
कारचे हप्ते: १.३४ लाख

उरले १२.७७ लाख. बचत खात्यातली शिल्लक वर्षात वाढली नसेल तर हे सगळे खर्च झालेले आहेत. बारांनी भागा: महिन्याला १,०६,४००. तुम्ही सांगितलेल्या ६२ हजारांपेक्षा ४४ हजार जास्त!

हे पैसे कोणी उधळले असं नाही. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च महिन्याच्या हिशेबात येत नाहीत, एवढंच. एक काम करा: दोघांच्या खात्यांची एप्रिल ते मार्चची स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवा, दहा हजारांवरची प्रत्येक नोंद पिवळी करा आणि बेरीज बघा. क्रेडिट कार्डाचं बिल एकच मोठी नोंद म्हणून दिसतं, ते फोडून घ्या, नाहीतर सगळं त्याखाली दडतं. बोनस आला असेल तर तो पगारात मिळवा, म्हणजे खर्च आणखी वर जाईल.

आता ९० लाखांचा हप्ता या आकड्यावर लावा. नव्या घरात मेन्टेनन्स आणि मिळकतकर मिळून अडीच-तीन हजार वाढतील, म्हणजे १,०९,०००. त्यात ७५,३०० मिळवले की १,८४,३००. पगार १,६५,०००. दर महिन्याला १९ हजारांचा खड्डा, तोही एसआयपी पूर्ण बंद करून.

---

दोनाचे_तीन

स्टेटमेंट काढली. पिवळ्या नोंदी अशा निघाल्या: शाळा आणि क्लास १,६०,०००, टर्म, मेडिक्लेम, एलआयसी, कारचा विमा मिळून १,१२,०००, सासूबाईंची औषधं-तपासण्या ६०,०००, गावाला जाणं, लग्नकार्यं, एक सहल १,२०,०००, फ्रिज आणि मोबाइल ४५,०००, कारचे टायर-सर्व्हिसिंग २८,०००. एकूण ५,२५,०००. म्हणजे ४४ हजारांचा उलगडा जवळजवळ झाला. बोनस यंदा नव्हता.

---

घ्या_हो

एवढा विचार केला तर कोणी घरच घेणार नाही. पगार दर वर्षी वाढतो, हप्ता तोच राहतो. पाच वर्षांनी ७५ हजार काहीच वाटणार नाहीत. शिवाय व्याजावर दोन लाखांची करसवलत मिळते, ती कोणी धरलीच नाही.

---

हिशेबवही

@घ्या_हो, तिन्ही मुद्दे तपासून घेऊ.

पगार वाढतो, पण शाळेची फी आणि मेडिक्लेमचा प्रीमियमही वाढतो. ताईंचा मुलगा सात वर्षांत कॉलेजात जाईल, तेव्हा कर्जाची तेरा वर्षं शिल्लक असतील.

हप्ता तोच राहतो हे फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या, कर्जात खरं नाही. मे २०२२ मध्ये ४ टक्क्यांवर असलेला रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ वर गेला. बऱ्याच बँकांनी तेव्हा हप्ता न वाढवता मुदत लांबवली, आणि लोकांना वाटलं काही झालंच नाही. ताईंच्या कर्जात काय होईल बघा. ९० लाखांवर ८ टक्क्यांनी हप्ता ७५,२८०. दर १० टक्के झाला तर महिन्याचं नुसतं व्याज ७५,०००. मुद्दलात जाणार २८० रुपये. असं कर्ज मुदत वाढवून फिटतच नाही, हप्ता ८६,८५० करावाच लागतो.

करसवलत: नव्या कररचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट नाही. जुन्या रचनेत कमाल २ लाख, तीही ताबा मिळाल्यानंतर. बांधकाम चालू असतानाचं व्याज नंतर पाच समान भागांत मिळतं, पण त्याच २ लाखांच्या आत. फक्त एवढ्यासाठी जुन्या रचनेत राहणं परवडतं का, हे दोघांचं वेगवेगळं काढून बघा. परवडत नसेल तर घराच्या हिशेबात करसवलत शून्य धरा.

---

उलटी_वजाबाकी

किमतीपासून सुरुवात केली की नेहमी असंच होतं. ताई, उलट दिशेने या. आधी हप्ता ठरवा, त्यातून कर्ज, त्यातून घराची किंमत.

आज तुमचे १,०६,४०० खर्च होतात, ३३,६०० दोन हप्त्यांत जातात आणि २५,००० बचतीत. कारचे हप्ते संपल्यावर ते ११,२०० मोकळे होतील. बचत २५ वरून १५ हजारांवर आणायला हरकत नाही, त्याखाली नको. मुलाचं कॉलेज आणि तुमची निवृत्ती दोन्ही त्यातूनच आहे. मग हप्त्यासाठी:

२२,४०० + ११,२०० + १०,००० = ४३,६००. नव्या घराचा वाढीव मेन्टेनन्स-कर २,६०० वजा केला की ४१,०००.

२० वर्षांसाठी दर लाखाला ८ टक्क्यांनी ८३६ रुपये हप्ता पडतो, ९ ने ९००, १० ने ९६५. हे तीन आकडे पाठच करून ठेवा, कॅल्क्युलेटर लागत नाही. ४१,००० मध्ये आजच्या दराने ४९ लाख बसतात, १० टक्क्यांनी साडेबेचाळीस. मी मधला ४५ लाख धरीन. हप्ता ३७,६४० पासून सुरू होईल आणि दर १० झाला तर ४३,४००. तेव्हा दोन-अडीच हजारांची ओढाताण होईल, ती सहलीच्या खर्चातून भागते.

तुमचे ५२ आणि कर्जाचे ४५, एकूण ९७ लाख. आता यात बसणारं घर. तयार किंवा रीसेल फ्लॅट धरला तर जीएसटी नाही. स्टॅम्प ७ टक्के, दलाली १ टक्का, शिवाय नोंदणी, ट्रान्सफर फी, वकील-बँक आणि रंगकाम-दुरुस्तीचे ५ मिळून ६.१५ लाख. मग:

किंमत × १.०८ + ६.१५ = ९७
किंमत = ८४ लाख

तुमची मर्यादा ८४ लाख आहे. बँक ९० लाख देते, ती तुमचा पगार आणि चालू हप्ते बघून. सासूबाईंच्या तपासण्या, शाळेची फी तिच्या सूत्रात नसतात. पगाराच्या ५०-६० टक्क्यांपर्यंत हप्ते चालतील असं ती धरते. कर्ज बुडालं तर घर विकून वसूल करता येतं, म्हणून बँकेला ते चालतं. तुम्हाला चालेल का, हा प्रश्न बँक विचारत नाही.

एक चाचणी राहिली: एक पगार थांबला तर? तुमचे ६५ हजार बंद झाले, खर्च काटकसरीने ९० वर आणला आणि बचत थांबवली, तर ३७,६४० च्या हप्त्यासह महिन्याला २८ हजार कमी पडतील. आणीबाणीचे ९ लाख अडीच वर्षांहून जास्त पुरतात. ७५,३०० च्या हप्त्यासह कमी पडतात ६५ हजार, म्हणजे ९ लाख चौदा महिन्यांत संपतील. आणि ह्यांचा पगार थांबला तर नऊ महिन्यांत.

---

दस्त_आणि_ताबा

किमतीवर सगळे बोलले, पैसे कोणत्या क्रमाने जातात यावर कोणी बोललं नाही. बांधकाम चालू असलेल्या घरात माणूस हप्त्याच्या आधी तिथेच अडकतो.

महारेराच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नमुना करारात टप्पे ठरलेले आहेत: करार नोंदवण्याआधी कमाल १० टक्के, नोंदवल्यावर ३० पर्यंत, जोतं झालं की ४५, सगळे स्लॅब झाले की ७०, मग भिंती-प्लास्टर, प्लंबिंग, लिफ्ट असं करत ताब्याला शेवटचे ५. तुमच्या इमारतीचे निम्मे स्लॅब झालेत, म्हणजे करार नोंदवल्या नोंदवल्या ५७ टक्क्यांच्या आसपास मागणी येणार. १.२० कोटींचे ५७ टक्के म्हणजे ६८ लाख.

बँक स्वतःचा वाटा आधी भरायला लावते: २५ टक्के, ३० लाख. त्यात स्टॅम्प-नोंदणी ८.७० आणि ६८ लाखांवरचा जीएसटी ३.४० मिळवा. पहिल्या दोन महिन्यांत ४२ लाख रोख लागतील. तुमच्याकडे सगळं मोडून २१ आहेत. बाकीचे जुन्या घरात आहेत, आणि त्या घरात तुम्ही दोन वर्षं राहणार आहात.

बँकेच्या मंजुरीपत्रात 'विद्यमान गृहकर्ज बंद करण्याच्या अटीवर' असं एक कलम असतं का ते बघा. ९० लाखांची पात्रता जुना २२,४०० चा हप्ता गेलाय असं धरूनच निघते. म्हणजे जुनं घर विकल्याशिवाय हे कर्ज मिळतच नाही, आणि विकलं तर राहायचं कुठे हा प्रश्न. भाड्याने राहिलात तर दोन वर्षांचं भाडं, डिपॉझिट आणि दोनदा सामान हलवणं. ते साताठ लाख हिशेबवहींच्या १४६ मध्ये नाहीत. शिवाय उचललेल्या रकमेवर व्याज चालू: ३८ लाखांवर २५,३०० महिना, पूर्ण ९० उचलले की ६०,०००. ताबा लांबला तर हेच आणखी चालत राहतं. उशिराबद्दल व्याज मागायचा हक्क रेरा कायद्याने दिलाय, पण ते हातात पडेपर्यंत हप्ता तुमच्याच खात्यातून जातो.

ब्रिज लोन काही बँका देतात, जुनं घर विकेपर्यंतचं. दर नेहमीच्या गृहकर्जापेक्षा जास्त आणि मुदत थोडी. रीसेल घर घेताना दोन-तीन महिन्यांच्या फटीसाठी ठीक, दोन वर्षांसाठी नाही.

---

दोनाचे_तीन

८४ लाखांत बावधनला नवा ३ बीएचके मिळणार नाही हे कळतंय. वारजे-कर्वेनगरकडे दहा-पंधरा वर्षं जुने ३ बीएचके आणि मोठे २.५ त्या किमतीत सांगतायत. रीसेल घेतलं तर जुनं विकणं आणि नवं घेणं एकत्र कसं जुळवायचं? आणि जुन्या घराच्या नफ्यावर कर किती लागेल?

---

दस्त_आणि_ताबा

आधी कर, कारण तो सोपा निघतोय. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला दोन पर्याय आहेत: नफ्यावर सरळ १२.५ टक्के, किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, जे कमी असेल ते. २०१४-१५ चा निर्देशांक २४० आणि २०२५-२६ चा ३७६. ३६ लाखांची खरेदी ३७६/२४० ने गुणली की ५६.४० लाख होते. ५५ लाखांना विकलं तर नफाच उरत नाही, कर शून्य. २०१४ ची स्टॅम्प ड्युटीही खरेदीत मिळवता येते, त्या पावत्या शोधा. बरीच जास्त किंमत आली आणि नफा निघालाच, तर नवं घर आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घेतल्यास तोही सुटतो.

नावाचा मुद्दा. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, ८४ लाखांवर ८४ हजार. ह्यांना सहकर्जदार ठेवता येतं. पण जुनं घर ह्यांच्या नावावर असेल आणि नफ्यावरची सूट घ्यायची असेल, तर नवं घर फक्त तुमच्या नावे घेतल्याने वाद उभा राहू शकतो. तुमच्या बाबतीत नफाच नाही, म्हणून सूट घ्यायला हरकत दिसत नाही. तरी सीएला विचारून घ्या.

क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा जुन्या घराला गिऱ्हाईक. करारात 'ताबा नोंदणीनंतर ९० दिवसांनी' असं लिहून घ्या. किंमत पाच-दहा हजारांनी कमी करावी लागली तरी भाड्याच्या घरापेक्षा ते स्वस्त. गिऱ्हाईकाची बँक तुमचे १४ लाख थेट तुमच्या बँकेला देते आणि उरलेले तुम्हाला. त्यासाठी तुमच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि कागदपत्रांची यादी आधी काढून ठेवा. फ्लोटिंग कर्ज मुदतीआधी फेडण्याला दंड नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत द्यायचे, नाहीतर दिवसाला ५,००० भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

नव्या घराचा इसार त्यानंतर. इसारपावतीत 'कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत' ही ओळ हवीच. तोंडी कबुलीला अर्थ नाही. किंमत ५० लाखांवर असल्याने विक्रेत्याला देताना १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा. विसरलात तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क चढतं. विक्रेता परदेशी राहत असेल तर १ टक्क्याचा नियम लागू नाही, दर बराच जास्त असतो आणि चूक झाली की वसुली तुमच्याकडून. हे सुरुवातीलाच विचारा.

---

सोसायटी_दप्तर

दहा-पंधरा वर्षं जुन्या इमारतीत घर बघताना मेन्टेनन्सचा दर विचारू नका, मागच्या बारा महिन्यांची बिलं मागा. उन्हाळ्यातल्या टँकरची वर्गणी दरात नसते, बिलात असते. मग सेक्रेटरींना तीन गोष्टी विचारा: सिंकिंग फंडात (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी) किती शिल्लक आहे, लिफ्ट किंवा वॉटरप्रूफिंगसाठी वर्गणी ठरली आहे का, आणि स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ते दर पाच वर्षांनी व्हायला हवं. वर्गणी ठरलेली असेल तर ती कोण भरणार हे करारात लिहा. लाख-दीड लाख असे सहज निघतात, आणि तुमच्या ५ लाखांच्या दुरुस्तीतून ते जाऊ नयेत.

कागद: भोगवटा प्रमाणपत्र, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे होणं) झालंय का, आधीच्या सर्व व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत आणि थकबाकी नसल्याचं पत्र. भोगवटा नसेल तर बरेचदा बँकेत फाइल अडते किंवा मूल्यांकन खाली येतं. बँक करारनामा आणि मूल्यांकन यांतली जी कमी असेल ती किंमत धरते. तुम्हाला ८४ वर ४५ च हवेत, त्यामुळे मूल्यांकन थोडं घसरलं तरी अडचण नाही.

ताबा घेतल्यावर मिळकतकरात स्वतः राहणाऱ्यासाठीची ४० टक्के सवलत आपल्या नावावर चालू आहे का बघा. नसेल तर महापालिकेत पीटी-३ अर्ज.

---

भाडेकरार

एक पर्याय कोणी मांडला नाही. जुनं घर विकू नका, भाड्याने द्या, आणि हवा तो ३ बीएचके भाड्याने घ्या. तुमचा १७ ला गेला आणि नवा ३६ ला मिळाला असं धरलं तर फरक १९ हजार. त्यात घर भाड्याने दिलं की सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्के, म्हणजे किरकोळ. मुलाची दहावी होईपर्यंत चार-पाच वर्षं असं काढता येतं, २१ लाख जागेवर राहतात आणि जुनं कर्ज फिटत जातं. तोटे: दर अकरा महिन्यांनी करार, भाडेवाढ, आणि सासूबाईंना पुन्हा घर बदलायला लावणं. भाडं उत्पन्नात धरून कर लागेल तोही मोजा.

---

उलटी_वजाबाकी

भाड्याचा पर्याय आकड्यांत चांगला आहे. दोन्हींतलं काही ठरवण्याआधी एक तालीम करा.

४५ लाखांच्या कर्जाचा हप्ता ३७,६४० आणि वाढीव मेन्टेनन्स-कर २,६००, एकूण ४०,२४०. आज घराचा हप्ता २२,४०० भरता. फरक १७,८४०. पगाराच्या दिवशी एवढे पैसे आपोआप जातील अशी सहा महिन्यांची आरडी सुरू करा, एसआयपीचे १५,००० चालू ठेवून. कारचा हप्ता अजून आहे, म्हणजे ही परीक्षा प्रत्यक्षापेक्षा कडकच आहे. वर्षाची एफडीची रक्कम या आरडीतच गेली असं समजा, ती वेगळी भरायची नाही.

महिने मे ते ऑक्टोबर घ्या. जूनची फी, गणपती, बहुतेक वर्षी दिवाळीची खरेदी, सगळं त्यात येतं. जानेवारी ते मार्च घेतलंत तर कोणीही पास होतो. विम्याचे मोठे प्रीमियम या काळात येत नसतील तर त्यांचा सहा महिन्यांचा वाटा, ५६,०००, वेगळ्या खात्यात टाका.

महिन्याला सात-आठ हजार कमी पडले तर चालेल, कारण कारचे ११,२०० पुढे सुटणार आहेत. पण क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण न भरता 'मिनिमम' भरावं लागलं, एफडी मोडली किंवा एसआयपी थांबवली, तर मर्यादा ८४ ची ७५ लाख करा आणि त्या किमतीत २.५ बीएचके बघा. आरडीत जमलेले लाखभर स्टॅम्प ड्युटीला उपयोगी पडतीलच.